साहेबाच्या पायाशी

पणतीत तेल घालायला मी बुधली कलती केली होती, तेवढ्यात दफनभूमीच्या मोडक्या फाटकातून पाटणकर मास्तर आत आले. त्यांच्यामागे एक म्हातारा गोरा माणूस होता. हातात कापडी टोपी, खांद्याला कातडी पिशवी. मी पदर सावरून बाजूला झाले. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. तो सरळ दगडापाशी गेला, गुडघे टेकून बसला आणि अक्षरांवर बसलेला शेंदूर नखाने खरवडू लागला. चार-पाच अक्षरं मोकळी झाली असतील नसतील, त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"दोन वर्षं शोधतायत, वहिनी," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले. "खास विलायतेहून आलेत. आपल्या चेंडूबाबासाठी."

मी दिवा लावला, हात जोडले आणि घरी आले. त्याशिवाय मला जेवता येत नसे.

आमच्या गावाला अजून कॅम्पच म्हणतात. गोऱ्यांची पलटण कधीच गेली. बंगले उरले, त्यांत सरकारी कचेऱ्या आल्या, आणि ओढ्याकाठी ही दफनभूमी उरली. तिथल्या एका दगडावर चेंडू आणि फळी कोरलेली आहे. तो चेंडूबाबा. गावातल्या पोरांचा कुठलाही सामना असो, आधी तिथे नारळ फुटायचा. माघी पुनवेला जत्रा भरायची, कुस्त्यांऐवजी क्रिकेटचे सामने व्हायचे, आणि पाटणकर मास्तर त्या कमिटीचे चिटणीस होते. पण रोजचा दिवा फक्त आमच्या वाघचौऱ्यांच्या घरातला. थोरल्या सुनेने दिवेलागणीला जायचं, दिवा दगडाच्या डोक्याकडे नाही, पायाकडे लावायचा, आणि तेल असं घालायचं की सकाळपर्यंत पुरावं. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला तिथे नेऊन बुधली हातात दिली. का, कशासाठी, ते मी विचारलं नाही. पहाटेची अंघोळ, तुळशीला पाणी, एक माळ जप, तसाच हा नेम. नेमाला कारण विचारायचं नसतं, असं मला माहेरी शिकवलेलं.

आणि मग माझा नवस होता. कुंदा दीड वर्षाची असताना तापाने फणफणली. डॉक्टरांनी मान हलवली तेव्हा मी तशीच ओढ्याकाठी धावत गेले आणि त्या दगडासमोर बोलले, की ही एवढी पोर ठेव. तिला बारावं लागलं की माघी पुनवेला, गावासमोर, तिचं डोकं तुझ्या पायांवर ठेवीन. पोर वाचली. आता तिला बारावं लागलं होतं. हिरवं परकर-पोलकं शिवून आलं होतं. पुनव तीन दिवसांवर आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर त्या साहेबाला घेऊन आमच्याकडे आले. विल्मॉट त्यांचं नाव. शाळेत शिकवून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या आसपास. जुन्या काळच्या खेळाडूंची चरित्रं लिहायचा त्यांना नाद होता. ज्याला आम्ही चेंडूबाबा म्हणत होतो तो आर्थर लिडन नावाचा लष्करी अधिकारी, आणि त्याच्यावरच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. ते त्यांना आमच्या घरात बसून लिहायचं होतं म्हणा ना. शंभर वर्षं एका इंग्रज खेळाडूला एका घरातल्या बायका दिवा लावतात, हे त्यांना कुणीतरी पत्राने कळवलं होतं.

मी चहा ठेवला. सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, ओसरीवर वाल सोलत बसल्या होत्या. विल्मॉटसाहेब बोलत आणि मास्तर मराठीतून सांगत. साहेब फार गोड माणूस. लिडनबद्दल बोलताना स्वतःच्या थोरल्या भावाबद्दल बोलावं तसं बोलत होता. फुटबॉल तेव्हा नुकता नियमात बसत होता म्हणे. गोलाला वर आडवं लाकूड नसे, फीत बांधलेली असे. लिडन हिवाळ्यात फुटबॉल खेळे, उन्हाळ्यात क्रिकेट. चेंडू त्याच्या पायाशी दोऱ्याने बांधल्यासारखा राही. ते कसं, हे दाखवायला साहेब उठले, अंगणातला कुंदाचा रबरी चेंडू घेतला आणि तुळशीला वळसा घालून आले. बुटाच्या टोकाने हलकेच पुढे, मग आतल्या बाजूने वळवून परत. कुंदा खिदळली. मीही पदराआड हसले.

लिडनने खेळायचे पैसे कधी घेतले नाहीत, असं मास्तरांनी सांगितलं. तिकडे दोन जाती होत्या, पैसे घेणारे आणि न घेणारे. मैदानात उतरायला त्यांची दारं वेगळी. छापील कागदावरसुद्धा न घेणाऱ्याच्या आडनावाआधी त्याच्या नावांची पहिली अक्षरं लावत. घेणाऱ्याचं नुसतं आडनाव.

"आपल्यासारखंच की," मी म्हणाले.

"पैसं न घेता खेळायचं, म्हंजे घरचं खाऊन रिकामा आसनार," आत्याबाई वाल सोलता सोलता म्हणाल्या. "मास्तर, हे न्हाई सांगितलं तरी चालंल त्यांना."

मास्तरांनी सांगितलं. साहेब मोठ्याने हसले आणि म्हणाले, आजीबाई अगदी बरोबर बोलल्या. मला मात्र ते मनातून आवडलं होतं. पैसे घ्यायचे नाहीत, हाही एक नेमच. नेम पाळणाऱ्याच्या पायाशी आपण दिवा लावतो, असं वाटून मला बरं वाटलं.

मग त्यांनी पिशवीतून कागद काढले. इथल्या दिवसांबद्दल फारसं मिळालं नव्हतं. दोन पत्रं, पलटणीच्या सामन्यांचे निकाल आणि कोर्टाचा एक कागद. तो कागद ते सहज वाचू लागले. चेहऱ्यावर विशेष काही नव्हतं, पाऊसपाण्याची नोंद वाचावी तसं. मास्तर एक-दोन वाक्यं मराठीत बोलले आणि थांबले.

साहेब वाचतच होते. मास्तर चहाच्या रिकाम्या कपात बघत होते.

"पुढं काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही, वहिनी. कोर्टकचेरीचं."

"मास्तर, माझ्या घरात बसून वाचतायत. सांगा."

मास्तरांनी कप खाली ठेवला. मग सांगितलं ते माझ्याकडे न बघता. वैशाखातली दुपार. लिडनसाहेब जेवून पडले होते. बाहेर पडवीत बसून पंख्याची दोरी ओढणारा गडी होता, त्याचा डोळा लागला. पंखा थांबला. साहेब बाहेर आले आणि त्यांनी त्याला लाथ मारली. एकच. गडी तिथेच गेला. डॉक्टरने लिहून दिलं की हिवतापाने त्याची पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, आधीच वाढलेली होती, ती फुटली, साहेबांचा मारायचा हेतू नव्हता. कोर्टाने किरकोळ दंड करून सोडून दिलं.

विल्मॉटसाहेब बोटाने दुसरं पत्र दाखवून काही बोलले. मास्तरांनी तेही सांगितलं, कारण आता थांबायची सोय राहिली नव्हती. त्या आठवड्यातला सामना लिडन खेळले नाहीत. मनाला फार लागलं होतं त्यांच्या. हे प्रकरणात घ्यावं असं विल्मॉटसाहेबांना वाटतं. माणूस किती हळवा होता ते दिसतं.

मी विचारलं, "त्या गड्याचं नाव आहे का त्यात?"

मास्तरांनी कागद आपल्याकडे ओढून घेतला. "राणू."

"आडनाव?"

"नुसतं राणू लिहिलंय."

पितृपक्षात आमच्याकडे एक पान वेगळं वाढतात. मागल्या दाराबाहेर. राणूबाबाचं. कॅम्पात कामाला असताना वारले, एवढंच मला सांगितलेलं. माझ्या मालकांचे पणजोबा. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांचे हात सुपात तसेच थांबले होते. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. साहेबांच्या बुटांकडे बघत होत्या.

त्यापुढे कोण काय बोललं ते मला आठवत नाही. मास्तर उठले, साहेबांना घेऊन गेले. कुंदा चेंडू घेऊन माझ्यापाशी आली, तर मी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि कुठे ठेवावा ते न सुचून तसाच धरून उभी राहिले.

"बस," आत्याबाई म्हणाल्या. "हौसा, खाली बस."

मी बसले नाही. मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी साळूआजीच्या हाताखाली नांदलीय. राणूबाबाची बायकू ती. लई म्हातारी झाली व्हती, पर तिचं तिनंच सांगितलं मला."

तेरा वर्षं मी त्याच्या पायाशी दिवा लावला. त्याच पायांशी. आणि तिथेच पोरीचा जीव मागितला. हे मी बोलले की नुसतं मनात आलं, मला सांगता येणार नाही. आत्याबाईंनी मात्र ऐकल्यासारखी मान हलवली.

"तुला वाटतं तसा न्हाई त्यो दिवा," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. साळूआजीला बंगल्याच्या आवारात कुणी येऊ दिलं नाही. नवऱ्याचं प्रेत डॉक्टरांनी चिरलं आणि परस्पर पुरलं. कुठे, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पुढच्या वर्षी पटकीत लिडनसाहेब मेला. त्याला वाजतगाजत पुरला, दगड बसवला. त्या संध्याकाळी साळूआजी पणती घेऊन गेली आणि त्याच्या पायाशी लावून आली. रोज जायला लागली.

"माझ्या मानसाचा डोळा लागला म्हनून मारला, म्हनायची. आता तुझाबी डोळा लागू द्यायची न्हाई. रातभर उजेड ठिवीन. म्हनून सकाळपतुर तेल."

ओसरीवरचं ऊन अंगणात उतरलं होतं. मी तिथेच, पायरीवर, बसले.

"मग हा बाबा कुठून झाला?"

"लोकांला काय ठावं? रोज दिवा दिसतोय म्हनल्यावर कुनी हात जोडलं, कुनी शेंदूर फासला. दगडावर चेंडू दिसला, तशी खेळनारी पोरं यायला लागली. आदी दिवा व्हता, हौसा. बाबा मागनं झाला."

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत. त्यांनी सूप बाजूला सारलं.

"साळूआजीनं मला दिवाबी दिला आन् रागबी दिला. मी लई वरसं दोन्ही वागवलं. तू आलीस तर सोळा वरसाची, देवाधर्माची. म्हनलं, हिला निस्ता दिवा द्यावा. राग माझ्यासंगं जाईल."

"आणि मी नवस बोलले तेव्हा?"

"पोर तापात डोळं फिरवीत व्हती. त्या टायमाला काय सांगत बसू?"

त्या संध्याकाळी मी गेले. गेले नसते तर जेवण नव्हतं, आणि तेव्हा मला एवढंच कळत होतं. विल्मॉटसाहेब आणि मास्तर तिथे आधीच येऊन उभे होते. साहेबांनी दगड ओल्या फडक्याने स्वच्छ पुसला होता. अक्षरं, चेंडू, फळी सगळं दिसत होतं. मी पणतीत वात घातली. बुधली कलती केली आणि माझा हात थांबला. रोज मी एका माणसाला झोपू देत नव्हते. हात जोडून झोपू देत नव्हते.

मी अर्धंच तेल घातलं. दिवा लावला. त्या दिवशी हात जोडले नाहीत.

मग मी मास्तरांना म्हणाले की साहेबांना हे सांगा. हळूहळू, एकेक वाक्य सांगितलं. राणू कोण, साळू कोण, दिवा कशाचा. मास्तरांनी काही गाळलं नसावं, कारण मध्येच साहेबांनी वही मिटली आणि टोपी काढून दोन्ही हातांत धरली. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. सारा जन्म ज्याच्यावर माया केली, त्याच्याबद्दल एका परक्या बाईकडून असं ऐकायचं. पण मलाही माझं विचारायचं होतं.

"तो नेमका कुठं पडला, ते कागदात आहे का?"

साहेबांनी पिशवी उघडली. मास्तरांनी वाचलं: चार नंबरचा बंगला, पश्चिमेची पडवी.

साहेब हळूच काही बोलले. मास्तर म्हणाले, "विचारतायत, मी आता काय लिहू?"

त्यांचं पुस्तक निघालं की नाही, हे मला आजपर्यंत ठाऊक नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेले.

मधला एक दिवस वाईट गेला. मास्तर एकटेच आले आणि उभ्या उभ्या बोलले. सोळा संघ येणार होते. मास्तरांचं म्हणणं असं, की हे चौघांतच ठेवावं. लोकांचा भाव आहे, दगडाने कुणाचं काय वाकडं केलंय. पोरीने डोकं टेकवलं की नवस फिटला, विषय मिटला. मालक एसटीवर ड्रायव्हर, त्या दिवशी घरी होते. त्यांनी सगळं ऐकलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, नवस तुझा आहे, मी काय सांगू.

नवस माझा होता, तेच तर. ज्या पायाने आमचा माणूस मारला त्यावर पोरीचं डोकं ठेवायचं, की बोललेला नवस मोडायचा? नवस मोडला आणि पोरीला काही झालं, तर? मी माळ घेऊन बसले, पण मणी सरकेना. कुंदा परकर नेसून मला दाखवायला आली आणि माझं तोंड बघून परत गेली.

शेवटी आत्याबाईच माझ्याजवळ येऊन टेकल्या.

"नवस कुनाला बोललीस?"

"त्यालाच. चेंडूबाबाला."

"बाबा हाय का तिथं कुनी? तिथं दिवा हाय. दिवा ज्याच्या नावाचा, नवस त्याचा. पोर राणूबाबानं राखली, आसं मी धरून चाललीय धा वरसं. न्हाईतर तुला त्या दिवशी मीच आडवली असती."

पुनवेला सकाळपासून ओढ्याकाठी हलगी वाजत होती. अख्खा गाव तिकडे चालला होता. आम्ही तिघी उलट्या बाजूने निघालो. वाटेत बायका विचारत, अहो, नवस ना आज तुमचा? मी होय म्हणत होते आणि चालत होते. कुंदाला मी सगळं सांगितलं नव्हतं. आपले एक आजोबा कामावर असताना दमून झोपले आणि झोपले म्हणून त्यांना मारलं, एवढंच सांगितलं होतं.

चार नंबरच्या बंगल्यात पोस्ट ऑफिस होतं. पश्चिमेच्या पडवीत मनिऑर्डरवाले, पत्रवाले, आठ-दहा माणसं रांगेत होती. मी कितीदा त्या पडवीत उभी राहिले होते, पाकीट चिकटवलं होतं. भिंतीत वर एक गोल भोक होतं, कडा दोरीने घासून गुळगुळीत झालेल्या. आता त्यातून विजेची तार नेली होती. आत्याबाईंनी काठीने त्याच्या खालची फरशी दाखवली.

मी पदराने ती जागा पुसली. हळद वाहिली, नारळ ठेवला. शिपाई धावत आला. "ओ बाई, जत्रा तिकडं हाय. हितं काय?"

"आमचं माणूस वारलंय इथं," मी म्हणाले.

"कवा?"

"सत्त्याण्णव वर्षं झाली."

रांगेतलं कुणीतरी हसलं. आत खिडकीमागून पोस्टमास्तरांनी मान वर केली आणि विचारलं, कोण वारलं, नाव काय. मी आयुष्यात चार माणसांत मोठ्याने बोलले नव्हते. तेव्हा बोलले.

"राणू भिवाजी वाघचौरे. इथं पंखा ओढायला होते. डोळा लागला म्हणून साहेबानं लाथ घालून मारलं. ओढ्याकाठी ज्याला नारळ फोडताय, त्यानं."

मग कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्याने पायातल्या वहाणा काढल्या आणि मागे सरकला. त्याचं बघून बाकीचेही सरकले. फरशी मोकळी झाली.

कुंदाने परकर गोळा केला, गुडघे टेकले आणि तिथे डोकं ठेवलं. मी मनात म्हणाले, बोलले होते ती ही पोर. एवढ्यात ती तशीच, गाल फरशीवर ठेवून, माझ्याकडे तोंड वळवून म्हणाली, "आई, डोळे मिटू का?"

"मीट," मी म्हणाले. "इथं आता कुणी काही करत नाही."

तिने डोळे मिटले. आत टपालावर शिक्के मारल्याचा ठकठक आवाज चालला होता. तो थांबला.